नाशकात रहस्यकथांचा दोन दिवसांचा महोत्सव करतोय, लेखकांचे कार्यक्रम कसे ठेवायचे?

गोदाकाठचा_वाचक

मंडळी नमस्कार. कॉलेज रोडला आमचा एक वाचनकट्टा आहे, महिन्यातून एका रविवारी जमतो, पुस्तकं कमी आणि चहा जास्त असा प्रकार, पण त्यातले निम्मे लोक कट्टर रहस्यकथावाले. २०२१ ला नाशकात ९४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष जयंत नारळीकर होते, म्हणजे विज्ञानकथा लिहिणारा माणूस, तेव्हापासून आमच्यातल्या एकाचं पालुपद चालू आहे की विज्ञानकथेला मान मिळाला, मग रहस्यकथेनेच काय घोडं मारलंय.

तर शेवटी ठरलंय. जानेवारीत एक शनिवार-रविवार, फक्त रहस्यकथा, गुन्हेकथा, थरारकथा. हॉल दीडशे खुर्च्यांचा मिळतोय, पैसे वर्गणीचे. सहा लेखक येतो म्हणालेत, पुण्या-मुंबईचे तिघं, एक जळगावच्या बाई आणि आपल्या इथले दोन नवीन ज्यांचं एकेकच पुस्तक आलंय.

अडचण अशी की या लोकांचं करायचं काय हे आमच्यात कुणालाच नीट माहीत नाही. कवी असला की तो कविता म्हणतो, विषय संपला. रहस्यकथावाल्याने काय करायचं? वाचून दाखवलं तर कुठपर्यंत, मुलाखत घेतली तर शेवट फुटणार, परिसंवाद ठेवला तर 'रहस्यकथा: काल, आज आणि उद्या' असलं काहीतरी होणार आणि लोक झोपणार. शिवाय तिकीट ठेवावं का, नवीन लेखकांना कुठे बसवायचं, आणि जे गेले, म्हणजे बाबुराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक, त्यांच्यावर काही करावं का. ज्यांनी असले कार्यक्रम केलेत किंवा बाहेर कुठे बघितलेत त्यांनी सांगा प्लीज. सल्ले फुकट चालतील, वर्गणी पण चालेल.

माईक_टेस्टिंग

साउंडचं काम करतो मी, कालिदास नाट्यगृहापासून लग्नाच्या लॉन्सपर्यंत. लेखकाच्या कार्यक्रमाचा खून कोण करतं ते मागे बसून नेहमी बघतो, त्यात रहस्य काही नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग ज्यांनी हॉल दिला त्यांचं मनोगत, मग ज्यांनी चहा दिला त्यांचं. दहाचा कार्यक्रम आणि लेखकाच्या तोंडासमोर माईक येतो पावणेबाराला, तोवर पहिल्या दोन रांगा सोडून बाकी सगळे मोबाइलमध्ये. तुम्ही रहस्यकथा करताय ना, मग पहिल्या मिनिटाला कुणीतरी मेलं पाहिजे. सत्कार करायचेच असतील तर रविवारी संध्याकाळी एकदम उरका.

बाकी कामाचं सांगतो. स्टेजवर जितकी माणसं तितके माईक, दोघांत एक दिला की कुणी कुणाला मधे तोडत नाही आणि चर्चा मरते. प्रेक्षकांसाठी दोन कॉर्डलेस, पण ते प्रेक्षकाच्या हातात द्यायचे नाहीत, स्वयंसेवकाने धरून उभं राहायचं, एकदा हातात दिला की प्रश्न येत नाही, भाषण येतं. आणि लेखक वाचून दाखवणार असेल तर त्याला बसायला टेबल आणि वर एक दिवा द्या, स्टेजचे लाइट डोळ्यावर असतात, पुस्तकातलं अक्षर दिसत नाही, मग तो माणूस चाचपडतो आणि सगळ्यांना वाटतं लेखक घाबरलाय.

लीड्सवाली_सिडकोकर

माझं माहेर नाशकातलं सिडको, राहते इंग्लंडात लीड्सला, आणि इथून ट्रेनने पाऊण तासाच्या आत हॅरोगेट येतं जिथे दर जुलैत गुन्हेकथांचा मोठा महोत्सव भरतो, गुरुवार ते रविवार. २००३ पासून चालू आहे. नाव लांबलचक, 'थीकस्टन ओल्ड पिक्युलियर क्राइम रायटिंग फेस्टिव्हल', यातलं ओल्ड पिक्युलियर हे प्रायोजक कंपनीच्या बिअरचं नाव, म्हणजे साहित्याचा उत्सव बिअरच्या नावाने, आपल्याकडे कल्पना करा. २००५ पासून वर्षातल्या उत्तम गुन्हेकादंबरीला बक्षीस देतात, त्यात पैशांबरोबर हाताने केलेलं लाकडी पिंपही मिळतं.

जागा आहे ओल्ड स्वान हॉटेल. १९२६ च्या डिसेंबरमध्ये अगाथा ख्रिस्ती घरातून गायब झाली, तिची गाडी बेवारस सापडली, सगळा देश शोधत होता आणि अकरा दिवसांनी बाई सापडल्या त्या याच हॉटेलात, तेव्हा त्याचं नाव जरा वेगळं होतं. रजिस्टरमध्ये आडनाव लिहिलेलं नवऱ्याच्या मैत्रिणीचं! आता एवढी गोष्ट ज्या भिंतींना चिकटलीय तिथे गुन्हेकथांचा महोत्सव नाही करायचा तर कुठे करायचा.

पण गोदाकाठचा, तुम्हाला तिथून उचलण्यासारखं म्हणजे वेळापत्रक. एका सत्रात चार लेखक आणि एक बोलतं करणारा, तासाभराच्या आत सत्र संपतं म्हणजे संपतं, लगेच लेखक बाहेर टेबलावर सह्यांना. कुणी उभं राहून भाषण करत नाही. विषय असा असतो की चौघांचं पटणार नाही. आणि बोलतं करणारा बहुतेक वेळा स्वतः लेखक किंवा पत्रकार असतो आणि चौघांची पुस्तकं वाचून आलेला असतो, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे मी स्वतः ऐकलंय की मुलाखतकार स्टेजवर पुस्तकाचं मलपृष्ठ वाचतोय.

नवीन लेखकांचं विचारलंत. हॅरोगेटला व्हॅल मॅकडर्मिड ही मोठी स्कॉटिश लेखिका वर्षानुवर्षं पहिलंच पुस्तक आलेले चौघं निवडत आलीय आणि त्यांचं वेगळं सत्र ती स्वतः चालवते. लोक त्या सत्राला गर्दी करतात कारण तिने निवडलंय म्हणजे बघू तरी. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला २०१२ पासून 'ब्लडी स्कॉटलंड' भरतो, तिथली युक्ती मला अजून आवडते, मोठ्या लेखकाच्या सत्राआधी एक नवीन लेखक येऊन दोन-चार मिनिटं स्वतःच्या पुस्तकातलं वाचतो आणि जातो. हॉल आधीच भरलेला असतो मोठ्या नावाने, ऐकणारे आयते मिळतात. नाशकातल्या तुमच्या दोघांना रविवारी सकाळी नऊला 'नवोदितांचं सत्र' देऊ नका, तिथे त्यांचे आईवडील आणि दोन मित्र येतील. त्यांना शनिवारी संध्याकाळी पुण्याच्या मोठ्या पाहुण्यांच्या आधी चार मिनिटं द्या.

स्टर्लिंगला स्कॉटिश विरुद्ध इंग्लिश गुन्हेलेखक अशी फुटबॉल मॅच पण असते. पुणे-मुंबई विरुद्ध खानदेश-नाशिक बॉक्स क्रिकेट करा, मी ऑनलाइन बघेन.

अजून एक, लेखकांना व्हीआयपी खोलीत कोंडू नका. हॅरोगेटला लोक पैसे मोजून येतात ते निम्मं त्या हिरवळीसाठी, लेखक बाहेर पेला घेऊन बसलेला असतो आणि कुणीही जाऊन बोलतं. आपल्याकडे पाहुणे मागच्या दाराने येतात, बिस्किटं खातात आणि मागच्या दाराने जातात.

जुना_सभासद

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, सावानाचा, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचा, फार जुना सभासद आहे, वाचनालयच १८४० चं, त्यामुळे तिथे मी अजून तरुण गणला जातो.

अर्नाळकरांवर सत्र अवश्य करा पण त्यात मराठी समीक्षेने रहस्यकथेला कसं हिणवलं हे रडगाणं नको, ते ऐकून आम्हाला कंटाळा आला. माणूस सांगा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, मुंबईत चष्म्याचं दुकान, आणि लिहिल्या हजाराहून जास्त रहस्यकथा. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक आमच्या पिढीत घरच्यासारखे होते. ती पुस्तकं विकत कोण घेत होतं, लायब्ररीतून एका दिवसाच्या भाड्याने आणायची आणि रातोरात संपवायची, घरात चार जण रांगेत. ती इतक्या हातांतून फिरायची की बऱ्याच प्रतींचं शेवटचं पान गेलेलं असायचं. मग शेजारच्या आळीत कुणी वाचलंय का विचारत फिरायचं. आता ज्यांच्या माळ्यावर अशा प्रती पडून आहेत त्यांना त्या घेऊन बोलवा, एक लांब टेबल मांडा, प्रत्येकाने आपल्या प्रतीबद्दल दोन वाक्यं बोलायची. भाषणापेक्षा हे बरं. आणि नाट्यवाल्या दोन पोरांना एक प्रकरण वाचायला द्या, ती भाषा मोठ्याने वाचायचीच आहे.

शिरवळकरांची मजा वेगळी. त्यांच्या वाचकांत नायकांवरून गट होते, कुणी दारा बुलंदवाले, कुणी अमर विश्वासवाले, कुणी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन. हे गट अजून जिवंत आहेत, समोरासमोर बसवा आणि बाजूला व्हा. गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले, बाराशेच्या वर कादंबऱ्या, त्यांचा नायक कॅप्टन दीप कुणाला आठवतो विचारा, निम्मे हात वर येतील आणि ते सगळे पन्नाशीच्या पुढचे असतील. म्हणून तरुणांना तिथे बसवण्यासाठी काहीतरी प्रश्नमंजुषा ठेवा नाहीतर आम्हीच आमच्यात गप्पा मारू, ते आम्ही गोदाकाठच्या बाकावर रोज मारतोच.

अनुक्रमणिका

मी मुलाखती घेते, रहस्यकथाकारांच्या पण घेतल्यात, तर शेवट फुटण्याबद्दल.

मुलाखतीच्या आधी लेखकाला फोन करून एकच विचारायचं, या पुस्तकात कुठल्या पानापर्यंत बोललं तर चालेल. ते पान म्हणजे लक्ष्मणरेषा. बहुतेक लेखक पहिल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचं पान सांगतात, म्हणजे कोण मेलं, कुठे मेलं, तपास कुणाकडे आणि पहिले संशयित. त्याच्या पुढचं स्टेजवर काढायचं नाही. पुढचं न काढता सुद्धा तासभर आरामात जातो कारण खरी गंमत लिहिण्यातच आहे. लिहायला बसताना खुनी माहीत होता का? किती जण म्हणतात की नव्हता माहीत, आणि मग मागे जाऊन दुवे पेरावे लागले. खोटा माग कसा रचला, विषाबद्दल कुणाला विचारलं, वेळेचा हिशोब कुठे लिहून ठेवला, कुठलं पात्र मरायला नकोच म्हणत होतं. एका लेखकाने सोबत त्याची वही आणली होती, कोण किती वाजता कुठे होतं त्याचा आख्खा तक्ता, तो स्क्रीनवर दाखवला (खुन्याच्या ओळीवर कागद चिकटवून!) आणि लोक पुढे सरकून बघत होते.

प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. हे ऐकायला शाळकरी वाटतं पण रहस्यकथेत दुसरा इलाज नाही, कारण हमखास एक काका उठतात आणि म्हणतात, 'तुम्ही शेवटी डॉक्टरलाच खुनी का केलं?' संपलं, बाहेरचा स्टॉल बंद करा. चिठ्ठी असली की मुलाखतकार आधी वाचतो. आणि ज्यांनी वाचलंय त्यांच्यासाठी दिवसाच्या शेवटी अर्ध्या तासाचं एक सत्र उघड्या पत्त्यांचं ठेवा, दारावर मोठी पाटी, ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी आत येऊ नये. माझ्या अनुभवात हे सत्र सगळ्यात रंगतं, लोक लेखकाशी भांडतात, अमुक दुवा तुम्ही दिलाच नव्हता वगैरे.

यावरून, परिसंवादाला विषय पाहिजे असेल तर हाच घ्या, वाचकाला किती चकवायचं. इंग्लंडमध्ये १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने, पेशाने पाद्री, रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, तपास करणाराच गुन्हेगार नको, सापडलेला दुवा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे असले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला, त्यात येणाऱ्या लेखकाला शपथ घ्यावी लागायची की महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही. तुमच्या सहा जणांना स्टेजवर ते दहा नियम एकेक करून वाचून दाखवा आणि विचारा, कोणता मोडलाय. अर्धं सत्र तिथेच निघेल.

दुसरा विषय मोबाइल. टॉवर लोकेशन, कॉल रेकॉर्ड, कोपऱ्याकोपऱ्यावर सीसीटीव्ही, यात खुनी लपवायचा कुठे? काही लेखक गोष्ट सरळ ऐंशीच्या दशकात नेतात, काही फोनची बॅटरी संपवतात (हे मला चीटिंग वाटतं), काही फोनलाच पुरावा करून तो खोटा पाडतात. यावर लेखकांची खरंच मतं असतात.

खाकीघरातली

घरात दोन पिढ्या पोलिसात आहेत म्हणून या बाजूचं सांगते. नाशकात करताय तर महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रोडला आहे, न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा पण नाशकात आहे, म्हणजे तपास कसा चालतो ते सांगू शकणारी निवृत्त माणसं याच गावात राहतात. त्यातलं एखादं कुणी लेखकाच्या शेजारी बसवा. एकटं बसवू नका, एकटं बसवलं की 'माझ्या कारकिर्दीतली गाजलेली प्रकरणं' सुरू होतं. लेखकाने त्यांच्यासमोर आपल्या कादंबरीतला घटनास्थळाचा उतारा वाचायचा आणि त्यांनी सांगायचं इथे पंचनामा कुठे गेला, एवढ्या लवकर पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कुणी दिला, हातमोजे कुठे आहेत. आमच्या घरी टीव्ही लावला की हेच चालतं, मालिका बघूच देत नाहीत.

आणि आता एक ताजा मुद्दा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ राहिलं नाही, १०३ झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (तपास आणि खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) आलंय, राज्यांना ते लागू करायला मुदत दिलीय. म्हणजे २०२५ मध्ये घडणारी कादंबरी लिहिताय आणि इन्स्पेक्टर 'तीनशे दोन लावतो तुला' म्हणतोय तर तो इन्स्पेक्टर जुना पाठ म्हणतोय. लेखकांसाठी सकाळी तासभराची कार्यशाळा यावर ठेवा, वकील बोलवा एखादा, नवीन लिहिणारे पैसे देऊन येतील.

एक विनंती मात्र. खऱ्या गुन्ह्यांवर सत्र ठेवणार असाल तर गावातलं, ज्याची केस अजून कोर्टात चालू आहे असं काही घेऊ नका. त्या घरातलं कुणी त्या दीडशे खुर्च्यांत बसलेलं असू शकतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे, आधी कलम २२८ अ होतं, आता न्याय संहितेत ७२, आणि मुलाखतीच्या ओघात नाव तोंडातून निघून जातं, मी ऐकलंय. पाहुण्यांना आधीच बजावा.

माईक_टेस्टिंग

खाकीघरातली ताई बरोबर. पण मग नाशकातलाच, शंभर वर्षांपूर्वीचा घ्या ना. इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध. विजयानंद थिएटर, जुन्या गावातून फेरी काढा, मेनरोड, भांडी बाजार करत शेवट तिथे. फ्रान्समध्ये कुठेतरी शहरभर असा खेळ करतात ना महोत्सवात, भाच्याने सांगितलं होतं.

लीड्सवाली_सिडकोकर

लियाँ. 'के दु पोलार', २००५ पासून, वसंतात असतो. शहरभर तपासाचा खेळ असतो, कागद घेऊन लोक गल्लीगल्लीत दुवे शोधत फिरतात, पोरंबाळं घेऊन. तिथे बहुतेक सगळं फुकट आहे, आणि पुस्तकांचं मोठं दुकान जुन्या व्यापारभवनात मांडतात, लेखक तिथेच पुस्तकवाल्यांच्या टेबलांवर बसून सह्या करतात.

जुना_सभासद

फेरी काढा, पण जॅक्सनचं प्रकरण त्या खेळात घालू नका राव. २१ डिसेंबर १९०९, संगीत शारदाचा प्रयोग, भरलं थिएटर, अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या आणि ते तिथेच पकडले गेले. कुणी मारलं हे सगळ्या थिएटरने पाहिलं, शोधायचं काय त्यात? पुढे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे अशा तिघांना फाशी झाली. गावात याच्याकडे लोक गुन्हा म्हणून बघत नाहीत, क्रांतिकार्य म्हणून बघतात, तुम्ही त्याला गुन्हेकथा महोत्सवाच्या पत्रकावर छापलंत तर पहिल्या दिवशी हॉलबाहेर वेगळाच कार्यक्रम होईल आणि माझ्या मते तो होणं रास्तही आहे. खेळासाठी काल्पनिक खून रचा. सराफ बाजारात हिरे गेले, गोदाघाटावर चप्पल सापडली, काय हवं ते.

माईक_टेस्टिंग

बरं काका, पटलं. चप्पल माझी घ्या.

पुस्तकगाडा

प्रदर्शनांमधून पुस्तकं विकतो, तर स्टॉलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

लेखकाचं सत्र संपल्यावरची पंधरा-वीस मिनिटं हीच विक्री. तेवढ्यात लेखकाला कुणी जेवायला ओढून नेलं की गेली. सह्यांचं टेबल स्टेजवर नको, बाहेर जायच्या दाराशी, आणि स्टॉल त्याच्या आधी लागला पाहिजे म्हणजे माणूस पुस्तक घेऊनच रांगेत येतो. रांगेत एक पोरगं उभं करा, प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खोचायला, नाहीतर लेखक प्रत्येकाला विचारत बसतो, तुमचं नाव ऋतुजा की रुतुजा. माल प्रकाशकाकडून परतीच्या बोलीवर आधी महिनाभर सांगून उचला. मालिकेतली पुस्तकं असतील तर पहिला भाग जास्त ठेवा, लोक कार्यक्रम ऐकून पहिलाच मागतात आणि आपल्याकडे नेमका तिसरा उरलेला असतो. आणि जुन्या दुर्मीळ कादंबऱ्यांच्या झेरॉक्स बांधून विकणारे येतील, त्यांना आत घेऊ नका, हक्क कुणाकडे तरी असतातच.

तिकीट ठेवा. फार नाही, पण ठेवा. फुकट म्हटलं की नाव नोंदवतात आणि त्या दिवशी पाहुणे येतात घरी. तिकिटाची रक्कम पुस्तकावर सूट म्हणून परत द्या, वाचकाला फुकट पडतं, स्टॉल चालतो आणि खुर्च्याही भरतात. क्यूआर कोड लावाल तर तिथे नेटवर्क आहे का आधी जाऊन बघा, हॉलच्या तळघरात पैसे गोल गोल फिरत राहतात आणि मागे रांग.

अनुक्रमणिका

तिकिटाला माझा पण होकार, आणि त्यातून लेखकांना मानधन द्या. सगळ्यांना, नवीन दोघांना सुद्धा. कमी द्या पण पाकीट द्या, आधी आकडा सांगून. 'तुम्हाला व्यासपीठ मिळेल' हे वाक्य लिहिणाऱ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर खुनाची कथा लिहिता येईल.

गोदाकाठचा_वाचक

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री कट्ट्यावरच्या चौघांना हा सगळा धागा वाचून दाखवला आणि कच्चं असं ठरलंय.

शनिवारी सकाळी दहाला थेट सुरुवात, दीपप्रज्वलन रद्द, त्याऐवजी दोन नाट्यवाले अर्नाळकरांचं एक प्रकरण वाचणार (हक्क कुणाकडे आहेत ते विचारून, प्रकाशकांना पत्र टाकतोय). सत्कार नाहीतच. आमच्या खजिनदारांना हे अजून पचलेलं नाही, त्यांनी शाली आणून ठेवल्यात. मग मोबाइल आणि सीसीटीव्हीवर परिसंवाद, सहाही जण नको, तिघंच, बोलतं करायला अनुक्रमणिका ताई तुम्ही याल का, पाकीट आहे, आकडा मेसेज करतो. दुपारी जुन्या प्रतींचं टेबल, त्याचा ताबा जुना_सभासद काकांकडे, नाही म्हणू नका. संध्याकाळी पुण्याच्या पाहुण्यांची मुलाखत, त्याआधी आपला एक नवीन लेखक चार मिनिटं, दुसरा रविवारी जळगावच्या बाईंच्या आधी. रविवारी सकाळी कायद्याची कार्यशाळा वीस जणांपुरती, खाकीघरातली ताई, वकील बघतोय, निवृत्त अधिकारी तुम्ही सुचवा. उघड्या पत्त्यांचं सत्र रविवारी शेवटी, पाटी मी रंगवतो.

शहरातला खेळ या वर्षी जमणार नाही असं वाटतंय, माणसं कमी आहेत, हॉलच्या आवारातच छोटा करू. क्रिकेट पण नाही, पुण्याचे पाहुणे सत्तरीचे आहेत.

एकच अडकलंय. परिसंवादाला मुंबईचे दोघं एकमेकांशेजारी बसायला तयार नाहीत, जुनं काहीतरी आहे, एकाने दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहिलं होतं.

अनुक्रमणिका

येते. आणि त्या दोघांना शेजारी बसवू नका, समोरासमोर बसवा. मला दोघांची पुस्तकं आणि ते परीक्षण डिसेंबरच्या आत पाठवा.

माईक_टेस्टिंग

दोघांना वेगवेगळे माईक. मी येतो, भाडं वर्गणीत धरा.